परवानगी न मागणारे काका

सगळ्या तंजावरात सरकारला न भिणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्याच घरात असल्यामुळे आम्हां बाकीच्यांना दुप्पट भ्यावं लागे. ते माझे धाकटे काका. वडील लवकर गेले, तेव्हा मला त्यांनीच वाढवलं. शाळेत इतिहास शिकवत आणि संध्याकाळी थिण्णैवर, म्हणजे आमच्याकडे दाराबाहेर असतो त्या ओट्यावर, बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सरकार म्हणजे आपण ठेवलेला राखणदार. त्यानं दारात बसावं, चोर धरावा. स्वयंपाकघरात येऊन आमटीत मीठ किती ते बघू नये." ऐकणारे बहुतेक कचेरीतले कारकून. ते मान डोलवत, काकींची कॉफी पीत, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन लोकांच्या आमटीतलं मीठ बघत. कुणीतरी एकदा टोमणा मारला, "आपले मराठी पूर्वज राजाच्या चाकरीसाठीच इथं आले की हो!" काका म्हणाले, "म्हणूनच सांगतो. सत्ता फार जवळून बघितलीय आपण."

आता गंमत बघा, कायदा मोडणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. मोडायचा नाही, आणि परवानगीही मागायची नाही. त्यापायी आमच्या रेडिओचं जे झालं ते कुठल्याच रेडिओचं झालं नसेल. हौसेनं आणला, आणि मग कळलं की घरात रेडिओ ठेवायला लायसन लागतं. "गाणं ऐकायला अर्ज?" काकांनी त्याची वायरच कापली, वर काकींनी भरतकाम केलेलं कापड घातलं, आणि रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून भिंतीपलीकडचा शेजाऱ्यांचा रेडिओ ऐकू लागले. कधी ऐकू आलं नाही तर शेजारीणबाईच ओरडून विचारायच्या, "मोठा करू का हो?"

घरातही तोच न्याय. कुणी कुणाला हुकूम करायचा नाही. मी सात वर्षांची असताना मला समोर बसवून विचारलं, "बाळे, शाळेत जायचं की नाही?" मी म्हटलं, नाही. आईनं कपाळ बडवून घेतलं. काकांचाही चेहरा पडला, पण विचारून चुकले होते ना, मग ऐकायला नको? शेवटी त्यांच्याच वर्तमानपत्रांतून अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले. अजून जोडाक्षराला अडखळते.

तर काय सांगत होते, माझं लग्न. लग्न त्रिचनापल्लीला ठरलं, आणि आमच्या घरची रीत अशी की मुलीच्या डोक्यावर पडायच्या अक्षता आणि पहिल्या पंगतीचा भात माहेरच्या शेतातला. आमचं शेत पापनाशमजवळ. पण तेव्हा जिल्ह्याबाहेर तांदूळ न्यायला परवाना लागे. बिनपरवाना माणशी थोडेसेच नेता येत. काका हसले. "थोडेसेच ना? मग प्रत्येकानं थोडेसेच न्यायचे." एका गोणीच्या पस्तीस पुरचुंड्या झाल्या आणि वऱ्हाडातल्या एकेकाच्या मांडीवर गेल्या. लोक असे तांदूळ वळकटीत लपवत. काका म्हणाले, "लपवतो तो चोर." आणि प्रत्येक पुरचुंडीवर स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत, तमिळ आणि इंग्रजी दोन्हीत चिठी लावली: 'तांदूळ. स्वतःच्या शेतातले.'

जिल्ह्याच्या हद्दीवर बस थांबली. चौकीतला तरुण अधिकारी वर आला, पस्तीस चिठ्या बघून थक्क झाला.

"सार, ही तर एक गोणी झाली!"

"पस्तीस माणसं आहेत. प्रत्येक स्वतंत्र."

"अक्षर सगळ्यांवर एकच आहे, सार."

"अक्षर एक असलं म्हणून मत एक होत नाही."

काकी मागून म्हणाल्या, "अहो, मुहूर्त निघून चाललाय, मतं राहू द्या!" तो बिचारा भला होता. म्हणाला, सगळ्यांच्या वतीनं एक अर्ज द्या, लग्नासाठी परवानगी मागा, मी सोडतो. नाहीतर पुरचुंड्या उतरवाव्या लागतील. सगळी बस काकांकडे बघू लागली. काकांना कुणी अर्ज लिहिताना पाहिलंच नव्हतं. ते खाली उतरले, वळसा घालून माझ्या खिडकीशी आले. ऊन डोळ्यांवर येत होतं.

"काय गे, आपलेच तांदूळ हवेत का तुला?"

नको म्हटलं असतं तर त्यांचा मान राहिला असता. तांदूळ काय, त्रिचनापल्लीचेही पांढरेच. हे मला आज कळतं. तेव्हा एकोणीस वर्षांची होते, वडील नव्हते, आणि घरून दुसरं काही माझ्याबरोबर येणार नव्हतं. मी म्हटलं, "हवेत."

चौकीत बाकावर वाकून ते बराच वेळ लिहीत होते. परत आले ते सरळ आपल्या जागेवर बसले, आपली पुरचुंडी मांडीवर घेतली. मुहूर्त गाठला. मंगलाष्टकं संपली तेव्हा सगळ्यांत मोठी मूठ त्यांचीच माझ्या डोक्यावर पडली.

पुढं पुष्कळ वर्षांनी माहेरी गेले होते. ते थकले होते, थिण्णैवर आता फारसं कुणी बसायला येत नसे. मी हळूच विचारलं, "काका, काय लिहिलंत हो त्या दिवशी?"

"सगळे लिहितात तेच. नम्र विनंती की..."

रस्त्यावरून एक सायकल गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "इंग्रजी मात्र चांगलं उतरलं होतं हं."