पाठीतली तार

आमचे हे रबाळ्याच्या कारखान्यात शिडीवरून पडले, तेव्हापासून कंबरेपासून पायापर्यंत नुसती आग. ऑपरेशन झालं तरी आग जाईना. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी कण्यात बारीक तार घातली, तिचं टोक कमरेच्या पट्ट्यावरच्या, हलका करंट सोडणाऱ्या खोक्याला जोडलं आणि म्हणाले, "आठवडाभर ट्रायल. वाकायचं नाही. आराम पडला तर मशीन कायमचं आत बसवू, नाही तर तार काढून टाकू."

पटलं तर ठेवा, नाही तर परत. दारावरचा साडीवालाही असंच म्हणतो.

"दुखतं तिथं मुंग्या येतान, बरं वाटतं," हे सांगायचे. पण यांचं ऐकायचं कुणी? अंगात ताप फणफणत असताना डॉक्टरला "बरं हाय" सांगून आलेला माणूस; का, तर साहेबाला वाईट वाटू नये. म्हणून सानपाड्याच्या घरात मी पोलिसासारखी पाळत ठेवली. कुशीवर वळताना तोंड बघायचं, मोरीतून येताना पाय बघायचा. कण्हले नाहीत तर वाटायचं, दाबून धरतायत.

मग एका दुपारी मी पाणी घेऊन आले, तर हे पडवीत मांडी घालून मासळीचं फाटकं जाळं विणतायत. पडल्यापासून मांडी घातली नव्हती. कुणी बघतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि चेहरा मोकळा. खरं सांगते, रडू आलं. तरी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही बसले, तेव्हा कुठे माझ्या मनातली पाल चुकचुकायची थांबली.

आठवडा भरला, इस्पितळात गेलो. डॉक्टर आत आले आणि हे उठून थेट त्यांच्या पाया पडले. देवमाणसाच्या नाही पडायचं तर कुणाच्या? मला अडवायचं सुचलंही नाही. उठताना यांचा हात पाठीवर गेला. मागाहून कळलं, मुंग्या पायातून निघून बरगडीत भरल्या होत्या. तार सरकली होती.

"आराम कितपत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरं हाय, सायेब." कपाळावर घाम, ओठ पांढरे.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "एका वाकण्यात तार सरकते, आणि हे खरं बोलत नाहीत. मशीन बसवायला मी पाठ पुन्हा उघडू कशाच्या जोरावर?"

"मी सोता बघितलंय," मी म्हटलं. "मांडी घालून बसत व्हते."

"बाई, ते बरे व्हावेत असं तुम्हाला वाटत होतं ना? मग माणसाला तसं दिसतं."

असं डॉक्टरांनी मलाच ऐकवलं. आख्ख्या घरात यांच्या "बरं हाय"वर विश्वास नसलेली मी एकटीच होते.

तार त्याच दुपारी काढली. परतताना हे पायरीपायरीला थांबत होते. एकदा थांबून मला विचारलं, "डाक्टर रागावला नाय ना?"