हे देवाशी काय बोलतात

माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा देव जवळचा आहे, हे मला लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर कळलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ख्रिस्ती बाईनं असं लिहू नये, ठाऊक आहे. पण सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. देवाचं काय धरणार?

हे सोनईकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोघंही निवृत्त झाल्यावर आम्ही सावेडीत छोटं घर घेतलं. घरामागं धुण्याचा दगड, एक शेवगा आणि दोन पायऱ्या. सकाळी उजाडायच्या सुमाराला हे खालच्या पायरीवर जाऊन बसतात. मांडीवर पवित्र शास्त्र नसतं, गुडघे टेकलेले नसतात, डोळेसुद्धा कधी कधी उघडेच असतात. अर्धा-पाऊण तास असं चालतं. काय करता म्हणून विचारलं की उत्तर एकच, प्रार्थना.

आता प्रार्थना म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आधी तिकडं आणि आता इथं, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या महिला मंडळात वीस वर्षं प्रार्थना मीच चालवते. दर बुधवारी दुपारी आम्ही बायका जमतो, गाणं होतं, शास्त्रातलं वचन होतं, मग मी वही उघडून विनंत्या विचारते. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाची मिरजगावला दिलेली बहीण नांदत नाही. मी सगळं लिहून घेते आणि एकही न गाळता देवापुढं मांडते, ओळीनं आणि शुद्ध भाषेत. आमचे पाळक एकदा म्हणाले होते की बाई, तुमची प्रार्थना झाली की मला मागायला काही उरतच नाही. हे मी यांना दोन-तीनदा तरी सांगितलं असेल. हे नुसते हसले.

माझा राग तिथला होता. यांच्याकडं ना वही, ना शब्द, ना कुणासाठी रदबदली. तरी पायरीवरून उठायचे ते पोटभर जेवल्यासारखे. आणि मी प्रार्थनेतून उठते तेव्हा घसा कोरडा पडलेला असतो आणि मनात एकच येतं, कुणाचं राहिलं तर नाही ना.

शिवाय घरात यांचं बोलणं म्हणजे गॅस संपला आणि भाजी काय आणू, एवढंच. मी शेजारणीपासून मंडळापर्यंत सगळं सांगत बसते आणि हे हं हं करतात. माझ्या वाट्याला हुंकार आणि देवाच्या वाट्याला रोजचा पाऊण तास. हा हिशेब मला पटत नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. मुद्दाम. दुधावर लक्ष ठेवतेय असं स्वतःला सांगितलं, पण गॅस पेटवलेलाच नव्हता.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग हे हळू आवाजात बोलायला लागले, पारावर शेजारी बसलेल्या दोस्ताशी बोलावं तसं. शेवग्याला शेंगा धरल्यात. रात्री झोप बरी लागली. कालच्या आमटीत मीठ जास्त होतं, पण खाल्ली. इथं मी दातओठ खाल्ले. मग आवाज आणखी खाली गेला.

"काल नातीचं नाव आठवंना मला. पोरगी म्होरं उभी, आन् नाव न्हाई. बाळा म्हणून येळ मारून नेली. भ्या वाटतं आता."

एवढंच. मला बरं कर, असं काही म्हणाले नाहीत. सांगून झाल्यावर नुसते बसून राहिले.

माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालंही, पण नंतर. आधी आला तो जळफळाट. एवढी मोठी गोष्ट यांनी त्याला सांगितली आणि मला नाही? त्याला तर न सांगताच सगळं माहीत असतं. माहीत नसणारी मीच होते.

मी मागचं दार उघडलं आणि तिथंच भांडले. मी तुमची कोण लागते, म्हटलं. आपल्या घरातलं दुखणं मला खिडकीतून चोरून ऐकावं लागतं, ही काय रीत झाली? हे चिडले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला काय बी सांगितलं की त्याची विनंती बनती."

मला अर्थच लागेना. मग यांनी आठवण करून दिली. निवृत्तीच्या दिवशी हे वर्कशॉपच्या मागं जाऊन रडले होते आणि घरी येऊन ते फक्त मला सांगितलं होतं. मी ते पुढच्या बुधवारी मंडळात विनंती म्हणून दिलं. बायकांनी घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना सांगितलं. रविवारी उपासना सुटल्यावर सात-आठ पुरुषांनी यांचा हात दाबला, एकानं तर सगळ्यांदेखत मिठी मारली. प्रार्थनेचं फळ दिसलं म्हणून मी त्याबद्दल देवाची उपकारस्तुतीसुद्धा केली होती. ते सगळं मी विसरून गेले होते. नावं विसरणाऱ्या माणसाला मात्र ते बारीकसारीक आठवत होतं.

"तुजा सोभाव वाईट न्हाई," हे म्हणाले. "पर तोंडात तीळ भिजत न्हाई. त्याच्यापाशी ठेवलं की ते तितंच ऱ्हातं."

मी आत गेले आणि गॅस पेटवून दूध वर ठेवलं.

त्याच आठवड्यात लेकीला घेऊन आम्ही डॉक्टरकडं गेलो. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं.

मग बुधवार आला. मी सगळ्यांच्या विनंत्या लिहून घेतल्या आणि शेवटी एकीनं विचारलं की बाई, तुमची काय? अगदी जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर पंधरा बायका यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आणून बसल्या असत्या, आणि ते पाणी खोटं नसतं. मी म्हटलं, माझी काही नाही. त्या दिवशी प्रार्थनेत मी दोनदा अडखळले.

घरी येताना रिक्षात मी देवाला एवढंच म्हटलं की तुला माहीत आहे. पुढचं वाक्य येईना, आणि यायला हवं असंही वाटलं नाही. घराजवळच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही दोघं तसेच आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन पायरीवर बसले. हे थोडे सरकले. मला वाटलं होतं, शेजारी बसल्यावर तरी मत्सर जाईल. कसला जातोय. यांचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा इतका निवांत होता की ते दोघं जुने ओळखीचे आणि मी बिनबोलावता आलेली पाहुणी, असंच वाटत राहिलं. दहा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. उठून चहाचं बघावं म्हणून मी पदर सावरला, तेवढ्यात हे डोळे न उघडता म्हणाले, "हायेस ना तू?"

हे देवालाही तू म्हणतात आणि मलाही तूच. कुणाला विचारलं ते कळायला मार्ग नव्हता. देवाला सवड न देता मी म्हटलं, "आहे."