लोणारच्या तळ्याच्या लाटा

दिनकरभाऊंनी पहिल्याच दिवशी मला दुकानातून हाकलून दिलं होतं. मेहकरच्या बसस्टँडमागे त्यांचं इस्त्रीचं दुकान. मी कॉलेजातला, शर्ट न्यायला गेलेलो. भर दुपार, दुकानात दुसरं कोणी नाही, आणि भाऊ एकटेच उभे राहून हात हलवत होते. बोटांच्या टोकांतून काहीतरी निघायचं, मनगटातून कोपरात, खांद्यात, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांतून बाहेर पडायचं. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, आणि हातात हाड म्हणून नाही! मी आपलं म्हटलं, "भाऊ, हा नागीन डान्स मलाही शिकवा ना." झालं!

"नागीन? नागीन अशीन तुह्या वरातीत! चाल, निंघ इथून!" शर्टसुद्धा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी जरा नरमाईनं विचारलं, तेव्हा कळलं की याला लिक्विड म्हणतात. तरुणपणी भाऊ पुण्यात एका लाँड्रीत कामाला होते. शेजारी सायबर कॅफे. तिथं त्यांनी एका पोराच्या हातांचा व्हिडिओ पाहिला आणि पुढचं वर्षभर तासन् तास तोच पाहत बसले. ना क्लास, ना गुरू.

मला शिकवायला तयार झाले, पण त्यांचा एक नियम होता. बोट हलवण्याआधी नाच कुठून आला ते सांगायचं, आणि शिकणाऱ्यानं ते म्हणून दाखवायचं. "आयक. अमेरिकेत रस्त्यावर नाचणारे पोट्टे अंगातून लाट काढत. नव्वदच्या सुमाराले पार्ट्यायमंधी मशीनच्या गाण्यावर नाचणाऱ्या पोट्ट्यायनं थे लाट घेतली आन हातात खेळवली. मंग एकमेकाचे व्हिडिओ पाहून शिकले. पहिले कोनं काढलं, याच्यावर त्यायच्यातच भांडणं हायेत. पन आपन नाही काढलं, एवढं पक्कं!" मला याचा भयंकर कंटाळा यायचा. अरे, नाचायला आलोय की इतिहासाच्या पेपरला?

शिकवणंही तसंच छळवादी. दोन महिने नुसती बोटांना बोटं लावून ठेवायची आणि या हातातली लाट त्या हातात न्यायची. मग दोन तळहात रुळासारखे समोरासमोर, मधलं अंतर जराही बदलू द्यायचं नाही. मग एका हातानं दुसऱ्या हाताच्या कडेकडेनं जायचं, पण शिवायचं नाही. कुठं अडकलो की ओला फडका पाठीवर बसायचा. "मनगट काऊन अडकून राह्यलं बे? पानी मंधातच थांबते का?" तिसऱ्या महिन्यात एकदा लाट न तुटता पार झाली. भाऊंनी समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवले, आणि मला त्या चहानं रडू आलं.

आमच्या घरी भाजीचा मळा. पहाटे मेथीच्या जुड्या बांधून बाजारात बसायचं, हेच माझ्या नशिबी होतं, आणि मला ते नको होतं. अशात बुलढाण्याच्या एका डान्स अकादमीनं स्पर्धा ठेवली. पहिला येईल त्याला तिथंच शिकवायची नोकरी. भाऊंना सांगितलं, तर माझ्यापेक्षा तेच जास्त खूश.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी अकादमीवाल्या सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आपण याला लोणार शैली म्हणू. सरोवराच्या लाटांवरून आमच्या अकादमीनं निर्माण केली, असं सांगू. चालेल ना?" मी मान हलवली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझी मान, मीच हलवली.

संध्याकाळी त्यांनी माइकवरून तेच ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट उभा राहिला.

"ओ सायेब! लोणारच्या तळ्याले लाटा कधीपासून याले लागल्या?"

हॉल खदाखदा हसला. भाऊ मात्र हसत नव्हते. "हे दुसऱ्याचं हाये. पहिले त्यायचं नाव घ्या, मंग नाचू द्या पोट्ट्याले." सरांचं तोंड लालबुंद. दोन कार्यकर्त्यांनी भाऊंचे दंड धरले. सरांनी माझ्याकडे वळून माइकवरच विचारलं, "मंगेश, कोण आहेत हे? तू ओळखतोस?"

मी म्हणालो, "नाही."

भाऊंना ओढत बाहेर नेलं. आणि मी नाचलो. संताप याचा येतो की झकास नाचलो! हात एकदाही अडकला नाही. अशा वेळी तरी अडकायला नको होता का लेकाचा? पहिला आलो. नोकरी मिळाली.

त्यानंतर दोन वर्षं मी मेहकरला आलो की लांबच्या रस्त्यानं घरी जायचो. मग ऐकलं, भाऊ दुकान बंद करून नागपूरला लेकीकडे चाललेत. धावत स्टँडवर गेलो. एक बॅग पायाशी ठेवून ते बाकावर बसले होते.

"भाऊ, चुकलं माझं. माफ करा."

"कायची माफी?"

"त्या दिवशी तुम्हाला ओळखत नाही म्हणालो."

"मले नाही ओळखलं तं नाही ओळखलं. मी काय मंत्री हावो? थ्याचा राग मले दुसऱ्या दिवशीच नव्हता." मग आवाज चढला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "पन तू दुसऱ्याचं आपलं म्हनून घेतलं बे! थे माफ कराले थो नाच माह्या बापाचा होता काय? ज्यायचा होता त्यायले जाऊन माग माफी!"

"ते कोण, कुठं असतील, मी कसं शोधू भाऊ?"

"हाव ना! नाही सापडत थे कोनाले. म्हनून तं नाव घ्या लागते."

बस लागली. भाऊ चढले, खिडकीशी बसले, आणि माझ्याकडे न बघता गेले. मी तिथंच मुठी आवळून उभा राहिलो. म्हटलं, बस्स, उद्या जाऊन त्या सरांच्या तोंडावर राजीनामा फेकतो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता अकादमीत गेलो, आणि बारा पोरांना लोणार शैलीचा पहिला धडा दिला. अजूनही देतो.