जुळवाकाकूंची बुधवारची स्थळं

जुळवाकाकूंनी आयुष्यभर लग्नं जुळवली. त्यांचं खरं नाव कुठल्यातरी कागदावर असेल, पण ते आठवायला त्यांच्या नवऱ्यालाही जरा वेळ लागायचा. चपला झिजवून, दारोदारचा चहा पिऊन आणि मनसोक्त थापा मारून त्यांनी अर्ध्या गावाचे संसार उभे केले होते. त्यातले बरेचसे टिकलेही. मग लोकांच्या हातात फोन आले, मुलंमुली आपापलं बघू लागली आणि काकूंच्या दारची वर्दळ आटली. तरी त्या रोज ठेवणीतले कपडे घालून खिडकीत बसायच्या. काकांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. निघताना ते म्हणायचे, "फारच कंटाळा आला तर माझं जुळव कोणाशीतरी."

"तुमचं? इतकं खोटं माझ्याच्यानंही नाही बोलवणार."

अशात एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या. त्यांचं लग्न काकूंनीच जुळवलेलं, त्यामुळे काकूंनी आधी दार अर्धं लोटून घेतलं.

"यांच्या घोरण्याबद्दल नाही आलेय," बाई म्हणाल्या. "ते नंतर बघू."

काम वेगळंच होतं. नववीच्या मुलांनी दर बुधवारी दुपारी शाळेबाहेर पडायचं. कोणी छापखान्यात, कोणी शिवणकामाच्या दुकानात, कोणी जनावरांच्या डॉक्टरकडे. तिथे बघायचं, हात लावायचा, शिकायचं. शाळा आणि गाव यांचं असं जाळं विणायचं, की एकही मूल बाहेर राहायला नको. शिक्षक विचारून आले होते. एका सरांना वसुलीवाले समजून दुकानदाराने शटर ओढून घेतलं. दुसरे सर नकारही घेऊन आले आणि वर दुकानदाराने गळ्यात मारलेला एक रेनकोटही.

"म्हणजे मुलांना स्थळं बघायची, एवढंच ना?" काकू म्हणाल्या.

"तसं म्हणा हवं तर. फक्त बुधवारपुरती."

"अरे वा. म्हणजे काडीमोडाची सोय आधीच केलेली आहे."

"हसू नका, काकू. शाळेच्या संस्थेतल्या लोकांना ही सगळी थेरं वाटतायत. दोन बुधवार बघू म्हणालेत. फसलं तर बंद, आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

काकू हसल्या नाहीत. किती दिवसांनी कोणीतरी त्यांच्याकडे काम घेऊन आलं होतं. हे फसलं तर उरलेल्या जन्माला ती खिडकीच होती.

दुसऱ्याच दिवशी त्या चपला घालून निघाल्या. छापखानेवाल्याला म्हणाल्या, "मुलगा पुस्तकाशिवाय जेवत नाही." त्या मुलाने स्वतःच्या बसची पाटीसुद्धा कधी वाचली नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं, "पोरगा वाघाच्या काळजाचा आहे." तो स्वतःचं बोट कापलं की आडवा व्हायचा. उलट मुलांना सांगितलं, की छापखान्यात जाडजाड कादंबऱ्या छापतात, आणि डॉक्टरांकडे कधीमधी घोडेही येतात. जो दुकानदार आढेवेढे घेई त्याच्या कानाशी लागून त्या विचारत, "तुझ्या लग्नाच्या वेळी तुझं वय मी किती सांगितलं होतं, आठवतंय ना?" की लगेच होकार. रंग चढवल्याशिवाय काही जुळत नाही, हे त्यांचं पक्कं मत होतं.

फक्त एका गोष्टीचा त्यांनी विचार केला नव्हता. लग्नात रंग उडायला वर्ष लागतं, तोवर माणसं एकमेकांच्या सवयीची होऊन जातात. इथे पहिल्याच बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळा रंग उडाला.

गुरुवारी सकाळी बाईंच्या खोलीत मंडळी माल परत करायला आल्यासारखी जमली. डॉक्टर म्हणाले, "तुमचा वाघ बकरीला सुई टोचताना बघून पडला. बकरी शुद्धीवर होती, मी त्याच्यावर उपचार करत होतो!" छापखान्यात पाठवलेला मुलगा कागदांच्या गठ्ठ्यावर झोपला होता. आणि शिवणकामवाल्या ताई तर नुसत्या धुमसत होत्या.

"काकू, त्या पोरीबद्दल तुम्ही काय म्हणाला होतात?"

"गोड बोलते," काकू हळूच म्हणाल्या.

"माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आरशासमोर उभं होतं. ही म्हणते, हा रंग तुम्हाला अजिबात शोभत नाही, आणि शिवणही वाकडी आहे."

"होती का वाकडी?" बाईंनी विचारलं.

"तो प्रश्नच नाहीये!"

या मुलीला सगळी शाळा फटकळ म्हणायची. पोटात एक, ओठात एक हे तिला जमायचंच नाही. शुक्रवारी काकूंनी तिला बेकरीत नेलं. तिने गिऱ्हाइकाला सांगितलं, की ही बिस्किटं कालची आहेत, ती पलीकडची घ्या. शनिवारी फोटोच्या स्टुडिओत गेली. तिथे तर ती बूट काढेपर्यंतही टिकली नाही.

बाईंनी डोक्याला हात लावला. "काकू, सगळ्या मुलांसाठी म्हणजे सगळ्या मुलांसाठी. ती एकटी जरी वर्गात बसून राहिली, तरी संस्थेचे लोक म्हणतील फसलं. येत्या बुधवारी काय ते ठरेल."

गावात आता एकच दुकान राहिलं होतं, जिथे काकूंनी विचारलंच नव्हतं. त्यालाही कारण होतं. तरुणपणी काकू एका मैत्रिणीचं स्थळ घेऊन काकांकडे गेल्या होत्या. बोलता बोलता मैत्रीण बाजूला राहिली आणि काकूंचंच ठरलं. स्वतःबद्दल त्यांनी काकांना सांगितलं होतं, की मी अगदी मितभाषी आहे. तेव्हापासून बायकोच्या तोंडून आलेली कुठलीही शिफारस मानायची नाही, असा काकांनी कानाला खडा लावला होता.

संध्याकाळी काकू दुकानात गेल्या. काका तराजूच्या पारड्याला लागलेलं शेण खरवडत होते.

"अहो, एक मुलगी आहे."

"गुणी असेल."

"नाही." काकूंना पुढचा शब्द जड गेला. "फटकळ आहे. तोंडावर बोलते. तीन ठिकाणांहून परत आलीये. तुमची गिऱ्हाइकं पळवून लावेल. कोणी घेत नाही तिला, आणि ती राहिली तर शाळेचं सगळं बुडेल. माझंही."

काकांनी खरवडणं थांबवलं. बायको बोलायची थांबली, हे त्यांच्यासाठी नवीनच होतं.

"आणखी काही?"

"नखं खाते."

"उद्या पाठव," काका म्हणाले.

रविवारी फटकळ दुकानात स्टुलावर बसली, काकू तिच्या शेजारी. काकांनी तिला काटा शून्यावर कसा आणायचा ते दाखवलं, आणि तेवढ्यात धान्याचा दुकानदार आपला काटा घेऊन आला. हा दरवेळी डोळा मारून म्हणायचा, "जरा हलका हात ठेवा." काका काही न बोलता काटा बरोबर लावून द्यायचे आणि हा घरी जाऊन पुन्हा त्याचा स्क्रू पिळायचा. काकांना भांडण झेपायचं नाही.

पोरीने काट्यावर वजन ठेवलं, पाहिलं आणि विचारलं, "हा कमी तोलतोय. तुम्ही मुद्दाम केलंय का?"

दुकानात इतर चार माणसं होती. धान्यवाला कावराबावरा झाला. "म्हातारे, ही कोण?" तो काकूंवर खेकसला.

"माझं नवं स्थळ," काकू म्हणाल्या. "उत्तर दे की तिला."

तो काटा तिथेच टाकून निघून गेला. काका किती वर्षं पोरीचं ते वाक्य तोंडात धरून बसले होते! त्यांनी पोरीपुढे बिस्किटांची पुडी सरकवली. "ही कालची आहेत," ते म्हणाले, "आधीच सांगतो."

काकू उठल्या. "पोरी, उद्या चल माझ्याबरोबर. आणि मी रंग चढवायला लागले की टोक."

दोघी सोमवारी शाळा सुटल्यावर छापखान्यात गेल्या. "मुलगा आळशी आहे," काकूंनी सुरुवात केली. "वाचत नाही. पण तसा फार मेहनती—"

"नाहीये," फटकळ म्हणाली. "पण त्याला हात काळे करायला आवडतात. बाबांच्या गाडीखालून बाहेरच येत नाही."

"मग हे आधी सांगायचं ना!" छापखानेवाला ओरडला. "माझं यंत्र पुसायला कोणी तयार नाही, आणि तुम्ही मला कादंबऱ्या वाचणारा देता होय?"

"तुम्ही तरी कुठे कादंबऱ्या छापता?" फटकळने विचारलं. "नुसत्या लग्नपत्रिकाच तर आहेत."

छापखानेवाला पत्रिकांच्या गठ्ठ्यावर कापड टाकत म्हणाला, "तेही त्याला सांगा. नंतर बोंब नको."

बेशुद्ध पडणारा वाघ शिवणकामवाल्या ताईंकडे गेला, कारण त्याला सुई चालायची, फक्त ती कापडात जायला हवी. स्टुडिओवाल्याने मात्र दोघींना बघून आतूनच कडी लावली. त्याच्यासाठी ठेवलेली मुलगी डॉक्टरांकडे गेली. तिथे घोडे कधीच येत नाहीत हे काकूंनी तिला स्वतःहून सांगितलं. सांगताना त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

दुसऱ्या बुधवारी दुपारी संस्थेचे दोन लोक वर्गात डोकावायला आले. वर्ग रिकामा होता. त्यांनी बाकाखालीही वाकून पाहिलं. मग चहा घेऊन, "चालू द्या" म्हणून गेले.

संध्याकाळी बाई काट्याच्या दुकानाशी आल्या. काकू पायरीवर बसल्या होत्या, फटकळ शेजारी वजनं पुसत होती.

"काकू, पुढच्या वर्षीही तुम्हीच बघायचं."

काकूंनी नाक वर केलं. "बघते. सवड झाली तर." फटकळने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "बरं, सवडच आहे," काकू म्हणाल्या.

"आता एक विचारते," बाई म्हणाल्या. "हे घोरतात, तुम्हाला ठाऊक होतं?"

काकूंनी पोरीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "होतं. मी पाहायला गेले तेव्हा दुपारी झोपले होते. मला आधी वाटलं, घरात गिरणी आहे."

आतून काकांना ठसका लागला. बाई पायरीवर टेकल्या.

"आणि माझ्याबद्दल त्यांना काय सांगितलं होतंत?"

"गोड बोलते," काकू म्हणाल्या.

सगळ्यात आधी फटकळ हसली.