काचपात्राच्या काठाचं कुंकू
दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारं पूजतात त्या आयुधपूजेला झेंडूचा वास आला की नव्वदच्या दशकातली बेंगळुरूची प्रयोगशाळा आठवते. माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या मुलीने डेंड्रिमरमध्ये, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या रेणूत, लाल औषध भरलं होतं. शरीरात औषध नेणारा हा रेणू ते धरून ठेवतो का, हे पाहायला तो भरलेली, फक्त सुटं औषध बाहेर जाऊ देणारी पातळ पिशवी काचपात्रातल्या पाण्यात सोडली होती. पाणी लाल झालं तर तिचा प्रबंध कोसळणार होता. प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा आटोपून पाहिलं, तर पाणी गुलाबी. तिने नोंदवही मिटून टाकली. "स्वल्प, जरा थांब," आमचे मार्गदर्शक सर पात्रावर वाकून म्हणाले, "काठाला कुंकू कोणी लावलं?" "मीच, सर," ती म्हणाली. "आई म्हणाली, मुख्य आयुध विसरू नकोस." पिशवी नव्या पाण्यात सोडली. दुपार कलली तरी पाणी नितळ होतं. आजही कुंकवाची डबी उघडण्याआधी मी सगळी भांडी झाकतो.