सुखवंता मिस्त्री आणि जळके रिले

तिरोड्याहून चोरखमाऱ्याकडे निघालं की धानाच्या गिरणीला लागून मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं, एक दुकान लागतं. नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठी गेले?" टेबलावर वाकून तांब्याच्या तारेचे वेढे मोजणारी बाई मान वर करत नाही. "एकशे बारा झाले," ती म्हणते. "एकशे चाळीस होऊ द्या, मंग मिस्त्री बोलते."

त्या सुखवंता बिसेन. आम्ही त्यांना काकी म्हणतो. मी नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांसोबत जाणारा गाइड. त्यांच्या दुकानात माझं काही काम नसायचं. पण दोन हजार आठच्या मे महिन्यात जे घडलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी जीपच्या मागच्या बाकावर बसून पाहिल्या आहेत.

दुकान मुळात त्यांचे यजमान छोटेलाल यांचं. एकोणीसशे नव्व्याण्णव साली गिरणीत मोटर बसवताना छोटेलालकाकांचा डावा हात पट्ट्यात गेला आणि चार बोटं गेली. नातेवाईक जमले. दुकान विका, तीन एकर शेती आहे, त्यावर बसा, असं सगळ्यांचं ठरलं. काकी चहा देत होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अकरा मोटरी खोलून पडल्या हायेत. लोकायचे पंप बंद हायेत. त्या कोण भरन?"

"तू भरशील का?" दीर म्हणाला.

"भरीन."

काका खाटेवर पडून सांगायचे आणि काकी करायच्या. पहिली मोटर अर्ध्या तासात जळली. त्यांनी ती रडत नाही, शिव्या देत खोलली. आतला कागद एका कोपऱ्यात कापला गेला होता, तिथे तार उघडी पडली होती. पुन्हा भरली. ती चालली. बाईनं भरलेली मोटर म्हणून काही शेतकरी आपली मोटर उचलून गोंदियाला घेऊन जात, तेव्हा काकी दारात येऊन म्हणायच्या, "न्या जी, न्या. तिकडे जळली तं इकडे आणा." पुष्कळजण परत आले. नऊ वर्षांत आसपासच्या गिरण्यांच्या मोटरीही त्यांच्याकडेच येऊ लागल्या.

आता जीपची गोष्ट.

धनेंद्र पटले हा आमच्या गेटवरचा जीपवाला. उघडी जीप, चारही चाकं ओढणारी, जुनी पण दमदार. मार्चमध्ये त्यानं ती गोंदियाच्या एका मोठ्या गॅरेजमधून हिरवी रंगवून आणली. एप्रिलमध्ये रेडिएटरसमोरच्या पंख्याची मोटर जळली, ती त्यानं काकींकडून भरून घेतली. आणि मे लागताच रिले जळायला लागले.

रिले म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. पंख्याला लागणारा मोठा करंट बटणातून किंवा बारीक वायरीतून जाऊ शकत नाही. म्हणून बारीक करंट या डबीतल्या छोट्या कॉइलला देतात, कॉइल एक पट्टी खेचून धरते आणि त्या पट्टीतून मोठा करंट पंख्याला जातो. पट्टी घट्ट बसली तर सगळं ठीक. धनेंद्रच्या जीपमध्ये ही डबी तापून वितळायची. पंखा बंद पडायचा आणि इंजिनातलं पाणी उकळायचं.

तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा मी जीपमध्ये होतो. नागपूरचं एक कुटुंब सोबत होतं. पाणवठ्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघायला लागली, जळक्या प्लास्टिकचा वास आला. जंगलात खाली उतरायला बंदी. पाऊण तास आम्ही उन्हात बसून राहिलो आणि तेवढ्यात एक अस्वल पंधरा पावलांवरून नाक फेंदारत गेलं. त्या घरातली आजी दोन्ही हात जोडून डोळे मिटून बसली होती. धनेंद्रचा चेहरा रडवेला झाला होता. अस्वलाला तो भीत नव्हता. हे कुटुंब गेटवर जाऊन काय सांगेल, याची त्याला धास्ती होती.

गोंदियाच्या गॅरेजमध्ये यादोराव नावाचे मोठे मिस्त्री होते. हाताखाली सात-आठ माणसं. तिन्ही वेळा त्यांनी नवा रिले लावून दिला होता. तिसऱ्यांदा त्यांनी निकालही दिला. "मोटर किससे भरवाई? उस बाई से? तो फिर रोना कायको? मोटर ज्यादा करंट खा रही है. फेंक दो."

गॅरेजमध्ये बोललेलं दुसऱ्या दिवशी तिरोड्यात पोचतं. सोमवारी एका गिरणीचा माणूस आला आणि दुरुस्तीला दिलेल्या तीन मोटरी न खोलताच घेऊन गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "मालकानं सांगतलं. मले काय माहीत?"

काकी दुकान बंद करून थेट धनेंद्रच्या घरी आल्या. धनेंद्र अंगणात जीपखाली पडला होता, मी शेजारी बसलो होतो.

"तू बी तेच म्हणून राहिला का, माह्या मोटरनं रिले जळला म्हणून?"

धनेंद्र बाहेर आला. "काकी, मी नाई म्हटलं. यादोराव म्हणाले."

"मंग तू काऊन आयकून घेतलं? जळके रिले कुठी हायेत?"

तिन्ही डब्या त्याच्या घरी एका थैलीत होत्या. काकींनी अंगणातच करवतीच्या पात्यानं त्या कापल्या. पट्टी जिथे टेकते ती आतली टोकं काळी पडली होती आणि त्यांच्यावर देवीचे व्रण असतात तसे बारीक खड्डे होते. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"पाहा, बिसराम. मोटरनं जास्त करंट ओढला असता तं पह्यले वायर नरम पडली असती. वायर कोरी हाये. फ्यूज एकदा तरी उडाला असता. उडाला का, धनेंद्र?"

"नाई."

"मंग? हे ठिणगीनं खाल्लं हाये. पट्टी धरते, सोडते, धरते, सोडते. घट्ट बसून नाई राहिली."

पण बोलून कोण ऐकणार होतं? त्यांनी मोटर काढली, दुकानात नेली, बॅटरीवर लावली आणि मध्ये मीटर जोडून करंट मोजला. जेवढा हवा तेवढाच. पुन्हा जीपला बसवली, नवा रिले लावला आणि उभ्या जीपमध्ये तासभर पंखा चालवला. रिले कोमट झाला, त्यापुढे गेला नाही. धनेंद्र म्हणाला, "उभ्या गाडीत तं गोंदियालाही असंच चाललं होतं."

"तेच तं," काकी म्हणाल्या आणि पदर खोचून पुढच्या सीटवर चढल्या. "चाल. कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं घे."

"काकी, तुमाले दणके बसतीन."

"मले बसू दे."

कॉइलला किती व्होल्ट पोचतात ते पाहायला त्यांनी डॅशबोर्डखाली हात घालून मीटरच्या दोन तारा रिलेच्या कॉइलला चिमट्यांनी लावल्या. मीटर सुईचं, जुनं, काकांच्या वेळचं. ते मांडीवर धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट रिलेवर ठेवलं. मी मागे बसलो, हातात वही. त्या आकडा ओरडतील तो लिहायचा. मे महिन्याचा कालवा कोरडा होता, रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्या होत्या. धनेंद्र सवयीनं कडेनं जीप काढू लागला, तशा काकी ओरडल्या, "खड्डा चुकवू नको! खड्ड्यातून घे!"

"साडेतेरा," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. मग जीप एका चाकोरीत आदळली. "आठ! सहा! परत तेरा. लिहून राहिला ना?" मला लिहिता येत नव्हतं, पेन उड्या मारत होतं. इंजिनाच्या आवाजातही आता डॅशबोर्डखालून कीर्रर्र ऐकू येत होतं, डबीत किडा अडकावा तसं. दोन किलोमीटर झाले असतील. काकींनी बोट झटकन मागे घेतलं आणि तोंडात घातलं. बोट भाजलं होतं आणि त्या हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"थांबव. मोटर निर्दोष हाये. कॉइलले करंट पुरत नाई, खड्ड्यात तुटून राहिला. म्हणून पट्टी सैल पडते, ठिणगी उडते, डबी तापते."

त्यांनी वायर हातानं चाचपत शोध घेतला. कॉइलची दुसरी तार जीपच्या पत्र्याला स्क्रूनं जोडलेली होती, अर्थिंगसाठी, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत जावा म्हणून. तो स्क्रू काढून पाहिला तर खाली चकचकीत हिरवा रंग. पत्रा रंगवला आणि रंगावरच तार कसली. रंगातून करंट जात नाही. स्क्रूचा आटा भोकाच्या कडेला जेमतेम टेकला होता, तेवढ्यावर सगळं चालत होतं. जीप उभी असली की टेकून राहायचा, दणका बसला की सुटायचा.

धनेंद्रनं खिशातून चाकू काढला. "खरवडून टाकतो, एका मिनिटाचं काम हाये."

काकींनी त्याचं मनगट धरलं. "हात लावू नको. होता तसा कस."

"काऊन?"

"गोंदियाले चाल. ज्यानं रंगावर स्क्रू कसला, त्याले दाखवतो मी."

त्यानं खूप समजावलं. मोठ्या माणसाशी कायले भांडता, पुढे काम पडतं. काकी खाली उतरल्याच नाहीत.

गॅरेजमध्ये दुपारची गर्दी होती. यादोराव एका ट्रकच्या बॉनेटमध्ये वाकले होते. काकींना पाहून ते म्हणाले, "बाई, पंप भरो जाके. गाड़ी का काम अलग होता है."

"भरीन पंप. आधी हा बल्ब पाहा." त्यांनी जुन्या हेडलाइटचा एक छोटा बल्ब आणला होता, दोन तारा जोडलेला. एक तार बॅटरीच्या प्लसला लावली, दुसरी त्या स्क्रूवर. बल्ब मिणमिणला. "आता गाडी हालवा," त्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या. दोघं-तिघं कुतूहलानं पुढे आले आणि त्यांनी जीप गदागदा हलवली. बल्ब लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा.

कोणीतरी हसलं. यादोराव हसले नाहीत. "रंग तो हर गाड़ी को लगता है."

"लागते. पण अर्थिंगखालचा रंग खरवडा लागते. हे रंगकाम तुमच्याच इथलं हाये ना?"

यादोराव पुन्हा ट्रककडे वळले. काकींनी पाना मागितला, कोणी दिला नाही, तेव्हा पिशवीतून आपला काढला. स्क्रू काढला, कानशीनं पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, तार घट्ट कसली. पुन्हा जीप हलवली. बल्ब स्थिर, मघापेक्षा दुप्पट उजेड.

"आता सांगा," त्या यादोरावांसमोर उभ्या राहिल्या, "या लोकायसमोर सांगा, मोटर बरोबर होती."

"मेरे पास टाइम नहीं है."

"माह्यापाशी हाये."

आणि त्या गॅरेजच्या दारात पडलेल्या एका जुन्या टायरवर बसल्या. धनेंद्रला इंजिन चालू ठेवायला सांगितलं. पंखा घुमत होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या बोलवायच्या. "या जी, रिलेले बोट लावून पाहा. तापला का?" लोक बोट लावायचे, मान हलवायचे. जीप दोनदा पुन्हा हलवून झाली. मी लाजून अर्धा झालो होतो, खरं सांगतो. दोन तास त्या बसल्या. यादोराव मागच्या दारानं घरी जेवायला गेले ते परत आलेच नाहीत.

पण तेवढ्या वेळात ज्या गिरणीनं मोटरी परत नेल्या होत्या, तिचे मुनीम आपली गाडी घ्यायला तिथे आले. काकींनी त्यांनाही सोडलं नाही. मुनिमांनी चष्मा सावरून रिलेवर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही मोटरी हातगाडीवर परत आल्या.

गिरणीचा माणूस म्हणाला, "मालकानं सांगतलं, जरा लवकर पाह्यजेत."

"रांगेत ठेव," काकी म्हणाल्या. "समोर सात पंप हायेत. शेतकऱ्यायचे."

त्या उन्हाळ्यात धनेंद्रची जीप पुन्हा उकळली नाही. पावसाळ्यात जंगल बंद झालं, तेव्हा गेटवरच्या बाकीच्या जीपा एकेक करून काकींच्या दारात येऊन लागल्या. त्या प्रत्येकीचं अर्थिंग खरवडून घेत आणि मग शेजारी बसून कच्च्या रस्त्यावर फिरवून आणत. छोटेलालकाका दारात खुर्ची टाकून बसत आणि परत आल्यावर विचारत, "किती आला?" काकी आकडा सांगत. दोघांची मान एकदमच हले.

यादोरावांनी मात्र आपलं म्हणणं कधी सोडलं नाही. पुढे त्यांनी गॅरेज पोरांकडे दिलं. दोन हजार चौदामध्ये एका लग्नात ते आणि काकी समोरासमोर आले. यादोरावांनी नमस्कार केला, काकींनीही केला. मी काकींच्या शेजारी जेवायला बसलो होतो. विचारलं, "राग गेला का काकी?"

त्यांनी भाताचा घास कालवता कालवता माझ्याकडे पाहिलं.

"राग कायचा? म्हातारा झाला तो, गुडघे दुखतेत त्याचे. नमस्कार करीन मी त्याले. पण मोटर खराब होती म्हणाला ना? ते खोटं होतं. आजबी खोटंच हाये." आणि वाढप्याला हाक मारून त्या म्हणाल्या, "वरण आण, बापू, इकडे वरण आण."