मोकलबाईंनी खोडलेला ‘तटस्थ’

प्रा. सुनंदा मोकल यांची आणि माझी ओळख लाल शाईतून झाली. मी तेव्हा निडीहून रोह्याच्या कॉलेजात येणारा विद्यार्थी. राज्यशास्त्राच्या पेपरात भारताच्या परराष्ट्र धोरणावर चार पाने लिहिली होती आणि जिथे जिथे ‘तटस्थ’ लिहिले, तिथे तिथे बाईंनी तो शब्द खोडून ‘अलिप्त’ केला होता. दोन्ही एकच, म्हणून मी भांडायला गेलो. बाई पेणच्या खाडीकाठच्या. चिडल्या की पुस्तकी भाषा सुटायची. “तटावर कोण उभा राहतो? ज्याला पाण्यात उतरायचं नाय तो. आपण कोणाच्या होडीत बसलो नाय, पण पाण्यात व्हतो!” गुण काही वाढले नाहीत.

हा विषय बाईंनी तीस-बत्तीस वर्षे शिकवला. नुकता स्वतंत्र झालेला देश, घरात धान्य पुरेसे नाही आणि दोन बलाढ्य गट दोन बाजूंनी ओढताहेत. अशा वेळी एकाकडून गहू घेतला, दुसऱ्याकडून पोलादाचा कारखाना, पण कोणाच्या फौजेत नाव घातले नाही, याचा बाईंना अभिमान होता. तो आंधळा नव्हता. “काही वेळा आपण गप्प बसलो ते गरज होती म्हणून. गरजेला तत्त्व म्हणू नका,” असे त्या वर्गात स्पष्ट सांगत.

पुढे मी त्याच कॉलेजात तात्पुरता प्राध्यापक झालो. स्टाफरूममध्ये दोन गट होते, चहाची टेबलेही दोन. बाई कुठल्याच टेबलावर नसत. ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ असे कुणी चिडवले की त्या हसून म्हणत, “उपाशी कसली? डबा आणलाय की!”

त्या वर्षी ग्रंथालयातली किमती संदर्भग्रंथांची जोडी नाहीशी झाली. आळ आला ग्रंथालयातल्या शिपाई यशोदाताईंवर. त्यांना एका गटाने नोकरीला लावले होते, म्हणून दुसरा गट त्यांच्यामागे लागला. आणि प्रकरण अंगाशी येतेसे दिसताच पहिल्यानेही हात वर केले. एका ज्येष्ठ प्राध्यापकांना ती पुस्तके नोंद न करता घरी नेताना मी पाहिले होते. ते मी फक्त बाईंना सांगितले.

सभेत यशोदाताईंना काढण्याचा ठराव आला. मला मत विचारले. मी म्हणालो, “मी तटस्थ आहे.” बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या उठल्या. “पुस्तकं कुणाच्या घरी आहेत, मला ठाऊक आहे. आठ दिवसांत कपाटात आली नाहीत, तर नाव घेईन.” पाहिले कुणी, असा गिल्ला झाला. “ते सांगणार नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी पुस्तके कपाटात होती. यशोदाताई राहिल्या. बाईंचे विभागप्रमुखपद मात्र हुकले, आणि मी यथावकाश कायम झालो. त्याची मला आजही लाज वाटते.

हा लेख छापायला देण्याआधी मी वरसे येथे यशोदाताईंना वाचून दाखवला. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “सर, ग्रंथालयात रोज बसणारे तुम्हीच. तुम्ही बघितलंत ते मला तवाच कळलं व्हतं. बाईंकडं गेले, बोलले, त्यास्नी उभं करा की. तर बाई बोलल्या, नको गो, त्याची नोकरी कच्ची हाय.”

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, डोळे वाचत राहोत आणि वयाची शंभरी त्या ताठ मानेने गाठोत. सत्काराच्या दिवशी पहिले भाषण माझे आहे. बाई समोर बसलेल्या असतील, यशोदाताईही असतील, आणि त्या सभेतले बरेच जण. मी उठून आधी एवढेच म्हणणार आहे : ती पुस्तके कोणी नेली, ते मी पाहिले होते.